मानसिक आजार, दिव्यांगत्व आणि रिकामा खिसा: आम्हाला सारखे विचारले जाणारे प्रश्न

आमचा गट म्हणजे आईवडील, भावंडं, नवरा-बायको असे साधे लोक, ज्यांच्या घरात कुणालातरी मानसिक आजार आहे किंवा मूल स्पेशल आहे. फोनवर, व्हॉट्सॲपवर तेच प्रश्न फिरून फिरून येतात म्हणून एकदाचं सगळं लिहून काढलंय. बहुतेक माहिती महाराष्ट्राची आहे, गोव्याचं थोडं खाली आहे. आम्ही डॉक्टर नाही आणि वकीलही नाही, त्यामुळे गोळ्यांचे डोस वगैरे आम्हाला विचारू नका.

वाचायच्या आधी एवढंच, क्रम उलटा करू नका. आधी उपचार, मग कागद, मग पैसे. लोक पहिल्याच फोनला विचारतात "पेन्शन किती मिळतं हो", पण पेन्शनला दिव्यांगत्वाचा दाखला लागतो, दाखल्याला उपचाराचे कागद लागतात, आणि उपचारच सुरू नसले तर सगळं तिथेच अडतं.

पैसे नाहीत फारसे. सुरुवात कुठून करू?

जिल्ह्याच्या सिव्हिलपासून. खरंच. लोकांना वाटतं सिव्हिल म्हणजे फक्त अपघात आणि बाळंतपणं, पण जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ पासून देशात चालू आहे आणि त्याखाली जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी असते, डॉक्टर असतात, बऱ्याच ठिकाणी सायकॉलॉजिस्ट आणि सोशल वर्करपण असतात. हीच टीम ठरलेल्या दिवशी तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात जाते, तो दिवस आशाताईला किंवा पीएचसीत विचारलात तर कळतो. तालुक्याला डॉक्टर येत असेल तर जिल्ह्याला जायचं एसटीचं भाडं आणि एक दिवसाची मजुरी कशाला घालवायची.

१५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केस पेपरपासून उपचार मोफत आहेत. मेडिकल कॉलेजची हॉस्पिटलं मात्र वेगळ्या खात्याची आणि महापालिकेची आणखी वेगळी, तिथे केस पेपरचे थोडेफार पैसे पडतात. कॉलेजला एक फायदा असतो, शिकणारे डॉक्टर पहिल्या वेळी तासभर बसून सगळी हिस्टरी लिहून घेतात, तेवढा वेळ प्रायव्हेटमध्ये विकत घ्यायचा म्हटलं तर परवडायचा नाही.

सकाळी लवकर जा, कारण केस पेपरची खिडकी ओपीडीच्या आधी बंद होते. आणि औषधाच्या खिडकीवर निघताना विचारून घ्या किती दिवसांच्या गोळ्या दिल्यात. लांबून येतोय म्हटलं तर डॉक्टर महिन्याच्या लिहून देतात, न सांगितल्यास पंधरा दिवसांच्या मिळतात आणि मग परत हेलपाटा.

सध्या प्रायव्हेट डॉक्टर चालू आहेत, गोळ्यांचा खर्च झेपत नाही. बंद केल्या तर चालेल?

नाही हो. मनाने बंद करू नका, एकदम तर मुळीच नाही. त्याच डॉक्टरांना तोंडावर सांगा की खर्च झेपत नाही, जेनेरिक लिहून द्या. यात लाजायचं काही नाही, त्यांना रोज कुणीतरी सांगतच असतं. जनऔषधी केंद्रात डिप्रेशनच्या, स्किझोफ्रेनियाच्या नेहमीच्या बऱ्याच गोळ्या मिळतात आणि मेडिकलमधल्या कंपनीच्या पाकिटाच्या मानाने खूप स्वस्त पडतात. जाताना चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव लिहिलेलं असू द्या, ब्रँडचं नाव दाखवलं तर काउंटरवरचा पोरगा "नाही" म्हणून मोकळा होतो.

नाहीतर सगळे कागद घेऊन सिव्हिलला या, तिथे असलेलीच औषधं पुढे चालू करतात. साठ्यात एखादी नसेल तर बदली देतात, तेव्हा बदल का केला ते विचारून वहीत लिहून ठेवा. लिथियम चालू असेल तर रक्तातली पातळी तपासावी लागते, क्लोझापिन असेल तर पांढऱ्या पेशी. या तपासण्या खर्च वाचवायला टाळू नका, सरकारीत करून घ्या.

घरातून बाहेर पडायची सोय नाही. फोनवर कुणी बोलेल का?

टेलि-मानस, नंबर १४४१६. दुसरा नंबर १८००-८९१-४४१६. ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलतात. आधी काउन्सेलर फोन घेतो, गरज वाटली तर पुढे मानसोपचार तज्ज्ञाकडे जोडून देतात. पेशंटनेच फोन करायला पाहिजे असं काही नाही, "माझ्या भावाचं असं असं होतंय, काय करू" असं विचारायलाही चालतो. रात्री दोन वाजता ज्या घरात कुणी झोपलेलं नसतं त्या घरासाठीच आहे तो नंबर.

टाटा सामाजिक विज्ञान संस्थेची आयकॉल म्हणून सेवा आहे, तिथे ट्रेनिंग घेतलेले काउन्सेलर फोनवर आणि ईमेलवर मोफत बोलतात.

तो जीव द्यायचं बोलतोय. आत्ता.

त्याला एकटं सोडू नका. फवारणीचं औषध, गोळ्यांचा साठा, दोर, ब्लेड सगळं हलवा, शेतातल्या खोलीतलंपण. १४४१६ लावा, काही करून बसला असेल तर १०८. जवळच्या कुठल्याही दवाखान्यात न्या. "पोलीस केस होईल" म्हणून घरीच मीठपाणी पाजत बसणारे लोक अजून आहेत, तसं करू नका. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चं कलम ११५ म्हणतं की अशा माणसावर प्रचंड ताण होता असंच धरायचं, त्याला शिक्षा करायची नाही, उलट सरकारने त्याची काळजी घ्यायची. "मरायचं मनात येतं का" असं सरळ विचारल्याने डोक्यात विचार भरत नाही, त्यामुळे बिनधास्त विचारा.

मनोरुग्णालयात टाकलं की माणूस कायमचा आत, असं ऐकलंय.

प्रादेशिक मनोरुग्णालयं राज्यात जुनी चार, येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी. ठाण्याचं तर १९०१ पासूनचं आहे. सिनेमात दाखवतात ते डोक्यातून काढा. तिथे ओपीडी असते, माणूस दाखवून संध्याकाळी घरी येतो, बहुतेक लोक त्यासाठीच जातात.

दाखल करायचं झालं तर २०१७ चा कायदा २९ मे २०१८ पासून लागू आहे. पेशंट स्वतः तयार असेल तर तो स्वतःच्या सहीने दाखल होतो आणि साधारणपणे स्वतःच्या मर्जीने बाहेर पडू शकतो. तयार नसेल आणि धोका असेल तर कलम ८९, त्यात त्याचा नामनिर्देशित प्रतिनिधी, म्हणजे त्याच्या वतीने निर्णयात मदत करणारा माणूस, अर्ज करतो, एक मानसोपचार तज्ज्ञ आणि आणखी एक डॉक्टर किंवा मानसिक आरोग्य क्षेत्रातला माणूस वेगवेगळे तपासतात, आणि मुदत जास्तीत जास्त ३० दिवस. दाखल केल्याचं सात दिवसांत मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाला कळवावं लागतं, बाई किंवा अल्पवयीन असेल तर तीन दिवसांत. मंडळाकडे पेशंट स्वतः दाद मागू शकतो. साखळीने बांधणं, भूल न देता शॉक देणं यावर बंदी आहे, घरच्यांनी न्यायला नकार दिला एवढ्या कारणावरून माणसाला आत ठेवायलाही मनाई आहे.

आता कडू बोलते. आत अडकलेली माणसं आहेत ती बरेचदा बरी झालेली असतात पण घरून कुणी न्यायला येत नाही. पत्ता बदललेला, फोन बंद. कायद्याने सोडता येतं, पण जायचं कुठे? कर्जतच्या श्रद्धा फाउंडेशनसारख्या संस्था रस्त्यावर सापडलेल्यांना बरं करून घरी पोचवतात, डॉ. भरत वाटवानींना त्याच कामासाठी २०१८ चं मॅगसेसे मिळालं. पण ओळखीचा पत्ता खोटा लिहून जाणाऱ्या घरच्यांवर कुठल्या संस्थेचा इलाज चालणार.

आमची ताई डॉक्टरकडे यायलाच तयार नाही. "मी काय वेडी आहे का" म्हणते.

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि याचं एका वाक्यात उत्तर देणारा भेटला तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका.

पहिल्यांदा तुम्ही एकटे जा. ओपीडीत नातेवाईक एकटा गेला तर पेशंटला बघितल्याशिवाय औषध देणार नाहीत, पण ऐकून घेतात आणि घरी कसं बोलायचं ते सांगतात. तिला "तुझं डोकं बिघडलंय" म्हणण्यात काही हशील नाही. तिला स्वतःला ज्याचा त्रास होतोय ते धरा. झोप लागत नाही, भूक मेली, अंग जड, छातीत धडधड. त्यासाठी जाऊ म्हटलं तर बरेच जण उठतात. घरात ज्याचं ती ऐकते असं कुणीतरी असतंच, मामी, शाळेतली मैत्रीण, जुन्या बाई, त्यांना पुढे करा. वडिलांनी दम देऊन नेलं तर एकदा जाईल, दुसऱ्यांदा नाही.

चहात गोळी विरघळवून देण्याबद्दल विचारतात. आम्ही म्हणतो डॉक्टरला न विचारता करू नका, आणि कळलं की घरातल्या अन्नावरचा विश्वास उडतो, मग जेवण सोडणं सुरू होतं. गोळ्या रोज घेतच नसेल तर काही औषधांची पंधरा दिवसांनी किंवा महिन्याने घ्यायची इंजेक्शनं येतात, त्याबद्दल विचारा. फारच मारहाण, तोडफोड असेल तर वरचं कलम ८९ आहे. तेसुद्धा जमत नसेल तर पोलीस ठाण्यात लेखी द्या, धोका असेल तर माणसाला संरक्षणात घेऊन २४ तासांत सरकारी दवाखान्यात पोचवणं पोलिसांचं काम आहे. लॉकअपमध्ये ठेवायचं नाही, हे तिथे ठामपणे बोला.

गावात सगळे म्हणतात बाहेरचं आहे, आधी देवाला दाखवा.

दाखवा ना. नवस करा, वारीला जा, अंगारा लावा, आमच्या गटातली निम्मी घरं करतात. फक्त गोळी बंद करायची नाही आणि मारू द्यायचं नाही. भूत उतरवतो म्हणून मारणं, दोराने साखळीने बांधणं, मिरचीची धुरी देणं हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. जो भगत म्हणतो "डॉक्टरचं बंद करा तरच माझं लागू पडेल" त्याच्या दारातून तसंच परत या.

काउन्सेलर एका तासाचे हजार-दीड हजार घेतात. स्वस्त कुणी आहे का, आणि हा माणूस खरा आहे हे कसं ओळखायचं?

क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असेल तर त्याची भारतीय पुनर्वास परिषदेत नोंदणी असते, तो नंबर विचारा, खरा असेल तर लगेच सांगतो. मानसोपचार तज्ज्ञ म्हणजे एमबीबीएसनंतर एमडी, डीएनबी किंवा डीपीएम केलेला डॉक्टर, गोळ्या लिहायला डॉक्टरच लागतो, सायकॉलॉजिस्ट किंवा काउन्सेलर लिहू शकत नाही. "काउन्सेलर" हा शब्द मात्र कुणीही पाटीवर लावतं, आठवड्याचा ऑनलाइन कोर्स केलेलेपण लावतात. चांगलेही खूप आहेत, म्हणून शिक्षण काय आणि कुठे काम केलं ते विचारा. "तीन महिन्यांचं पॅकेज, आधीच भरा" म्हटलं की आमच्या कानात घंटी वाजते.

स्वस्तात म्हणाल तर सिव्हिलच्या सायकॉलॉजिस्टकडे वेळ मागून घ्या, गर्दी असते पण फुकट. ज्या कॉलेजात सायकॉलॉजीचं एमए किंवा एमफिल चालतं तिथे बरेचदा कमी फीचं केंद्र असतं. ठाण्यात आयपीएच म्हणजे डॉ. आनंद नाडकर्णींनी १९९० मध्ये सुरू केलेली संस्था, पुण्यात स्किझोफ्रेनियासाठी 'सा' ही संस्था आहे. ट्रस्टच्या संस्थांत फी आधी विचारा आणि परवडत नाही तेही सांगा, कमी करतात पण विचारल्याशिवाय कोण करेल.

यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगत्वाचं सरकारी ओळखपत्र, कसं काढायचं? मानसिक आजाराला मिळतं का?

मिळतं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यात मानसिक आजार, ऑटिझम, बौद्धिक दिव्यांगत्व, सेरेब्रल पाल्सी, शिकण्यातली अक्षमता सगळं आहे. अर्ज स्वावलंबन पोर्टलवर ऑनलाइन, फी नाही. आधार, फोटो, सही किंवा अंगठा, पत्त्याचा पुरावा आणि दवाखान्याचे कागद. स्वतः जमत नसेल तर सेतूत किंवा सीएससीत भरून घ्या, ते त्यांचे चार पैसे घेतील तेवढेच. "कार्ड काढून देतो पाच हजार द्या" म्हणणारे सिव्हिलच्या गेटवर उभे असतात, त्यांच्या नादी लागू नका.

मग दवाखान्यातल्या बोर्डासमोर, म्हणजे दिव्यांगत्वाचे टक्के ठरवणाऱ्या डॉक्टरांसमोर जायचं. प्रत्येक दवाखान्यात बोर्डाचे वार ठरलेले असतात आणि मानसोपचारवाले कधीकधी वेगळ्या वारी बसतात, आधी फोन करून जा. मानसिक आजाराला आयडियाज नावाची मोजपट्टी लावतात. चार गोष्टी बघतात, स्वतःची काळजी, माणसांशी वागणं, बोलणं-समजणं, आणि काम. आजार किती वर्षांचा आहे याचेपण गुण असतात, म्हणून जुने कागद सोन्यासारखे जपा. पहिल्या दिवसाचा केस पेपर, डिस्चार्ज कार्ड, चिठ्ठ्या, सगळं तारखेने लावून एका फायलीत.

आणि इथे घरचेच घोळ घालतात. डॉक्टर विचारतात "आंघोळ स्वतः करतो का?" आई म्हणते "हो करतो की." चारचौघांत मुलाची लाज राखायची असते तिला, पण खरं काय असतं? ती सकाळपासून चारदा सांगते, पाणी काढते, टॉवेल हातात देते, कपडे काढून ठेवते, कधी तीन दिवस तो बाथरूमकडे फिरकतच नाही. त्या एका "हो" ने गुण कमी होतात आणि टक्के ४० च्या खाली येतात. खोटं सांगा असं नाही म्हणत, पूर्ण सांगा. वाईट दिवस कसा असतो, सांगितल्याशिवाय काय होतं, नोकरी किती टिकली आणि का सुटली. आम्ही लोकांना आदल्या रात्री एका कागदावर लिहून न्यायला सांगतो, कारण आत गेल्यावर पाच मिनिटांत सगळं विसरायला होतं.

४० टक्क्यांच्या खाली पांढरं कार्ड, ४० ते ८० च्या आत पिवळं, ८० आणि वर निळं. बहुतेक सवलती ४० पासून सुरू होतात. मानसिक आजाराचा दाखला बरेचदा ठरावीक मुदतीचा असतो, तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा.

कार्ड काढलं तर लोकांना कळेल, लग्न जमणार नाही, नोकरी जाईल...

कार्ड पाकिटात असतं, कपाळावर नाही. कुणाला दाखवायचं ते तुम्ही ठरवायचं. सरकारी नोकरीत दिव्यांगांना ४ टक्के आरक्षण आहे, त्यातला १ टक्का ऑटिझम, बौद्धिक दिव्यांगत्व, शिकण्यातली अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविकलांग मिळून, उच्च शिक्षणात ५ टक्के जागा. ज्या पोराचं कॉलेज आजारात दोन वर्षं बुडालं त्याला हे किती कामाला येतं ते विचारा. लग्नाचं म्हणाल तर लपवून केलेल्या लग्नांनी जी वाट लागते ती कार्डाने लागत नाही.

तरीही ज्याला गरज नाही, जो गोळ्या घेऊन नीट कामाला जातोय, त्याने काढलंच पाहिजे असं नाही. फायदा लागणार असेल तर काढा.

कार्डावर नक्की काय काय मिळतं?

संजय गांधी निराधार अनुदान योजना सगळ्यात महत्त्वाची. ऑक्टोबर २०२५ पासून दिव्यांग लाभार्थ्यांना महिना २५०० रुपये, त्याआधी १५०० होते. दिव्यांगांसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ५० हजार, राज्यात १५ वर्षांचं वास्तव्य लागतं. अर्ज तहसीलमध्ये किंवा सेतूत. उत्पन्नाचा दाखला तलाठ्याच्या अहवालावर तहसीलदार देतात, बहुतेक गाडी तिथेच रुतते. बँक खातं आधारला जोडलेलं पाहिजे आणि वर्षातून एकदा हयातीचा दाखला, तो राहिला की पैसे बंद, आणि परत सुरू करायला नव्या अर्जाएवढाच त्रास.

ग्रामपंचायत, नगरपालिका, महापालिका यांनी स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांवर खर्च करायचा असतो. हे गावात फार कमी लोकांना माहीत असतं आणि सरपंच आपणहून सांगत नाहीत. ग्रामसभेत लेखी विचारा, ५ टक्के किती झाले आणि कुठे गेले.

एसटीत तिकिटाला ७५ टक्के सूट, ६५ टक्क्यांच्या वर दिव्यांगत्व असेल तर सोबतच्या माणसालाही अर्धं तिकीट. रेल्वेचं मात्र वेगळंच, तिथे बौद्धिक दिव्यांग माणसाला सोबत्यासह सवलत आहे पण स्किझोफ्रेनियासारख्या आजाराला नाही. का ते आम्हाला विचारू नका, कायद्यात २१ प्रकार केले आणि रेल्वे जुन्याच यादीवर बसलीये.

घरात कुणी इन्कम टॅक्स भरत असेल तर ८०डीडी मध्ये अवलंबून असलेल्या दिव्यांगासाठी ७५ हजारांची वजावट, ८० टक्के किंवा वर असेल तर सव्वा लाख, पण जुनी करपद्धत घेतली तरच.

निरामय विमा सगळ्यांना मिळतो का?

नाही. राष्ट्रीय न्यासाच्या १९९९ च्या कायद्यातल्या चार प्रकारांनाच, ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुविकलांग. नुसता मानसिक आजार असेल तर नाही बसत. वर्षाला १ लाखापर्यंत, नोंदणी ५०० रुपये, दारिद्र्यरेषेखाली २५०, आधी कुठली मेडिकल टेस्ट नाही. गंमत म्हणजे ओपीडी आणि थेरपीचे पैसेसुद्धा यात मिळतात, जे बाजारातला महागडा मेडिक्लेम देत नाही. आधी स्वतः भरायचे आणि मग बिलं लावून मागायचे, त्यामुळे थेरपिस्टकडून तारखेची, सहीशिक्क्याची पावती घ्या, वहीच्या पानावर लिहिलेली चालत नाही.

आणि मेडिक्लेम?

२०१७ च्या कायद्याचं कलम २१ सांगतं की शारीरिक आजाराला जसा विमा तसाच मानसिक आजारालाही द्यायचा. दाखल झालात तर क्लेम करा, "यात बसत नाही" असं तोंडी सांगितलं तर लेखी मागा. ओपीडीचा खर्च मात्र बहुतेक पॉलिसीत नसतोच.

मुलगा अडीच वर्षांचा झाला, बोलत नाही, नजर देत नाही. थेरपीचे महिन्याला दहा-बारा हजार सांगतायत.

"याचे बाबापण उशिरा बोलायचे" म्हणून थांबू नका, हे सासूबाईंना प्रेमाने सांगा पण थांबू नका. जिल्हा रुग्णालयात डीईआयसी म्हणजे जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्र विचारा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातलं आहे, ० ते १८ वयाच्या मुलांसाठी, तपासणी आणि थेरपी मोफत. याच कार्यक्रमाची टीम अंगणवाडीत वर्षातून दोनदा येते, अंगणवाडीताईला आधीच सांगून ठेवा.

मुंबईत हाजीअलीला भौतिक चिकित्सा व पुनर्वसनाची राष्ट्रीय संस्था, वांद्र्याला ऐकण्या-बोलण्यासाठी अली यावर जंग संस्था, नवी मुंबईत बौद्धिक दिव्यांगांसाठीच्या राष्ट्रीय संस्थेचं केंद्र, नागपूरला सीआरसी म्हणजे दिव्यांगांसाठीचं सरकारी प्रादेशिक केंद्र. रोज जाणं शक्य नसेल तरी एकदा पूर्ण तपासून घ्या, घरी काय करायचं ते शिकून या आणि रोजचं घरीच करा. आठवड्यात दोन वेळा पाऊण तास थेरपिस्ट, आणि उरलेला सगळा वेळ मूल तुमच्याचकडे असतं, त्यामुळे आईला शिकवणारा थेरपिस्ट चांगला, दार लावून आत घेणारा नव्हे.

शाळेत घेत नाहीत.

४० टक्के आणि वर दिव्यांगत्व असेल तर ६ ते १८ वयापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे, शेजारच्या साध्या शाळेत किंवा विशेष शाळेत, पसंती तुमची. समग्र शिक्षा या सरकारी योजनेतले विशेष शिक्षक गटसाधन केंद्रात भेटतात. वाचन-लेखनाची अडचण असेल तर मुंबईत सायन, नायर, केईएम इथे तपासून दाखला मिळतो, त्यावर बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ, लेखनिक वगैरे. नववीतच काढा, दहावीच्या जानेवारीत धावाधाव करू नका.

आमच्या नंतर याचं कोण बघणार?

हा प्रश्न लोक सगळ्यात शेवटी आणि हळू आवाजात विचारतात.

निरामयमध्ये सांगितलेल्या चार प्रकारांतलं मूल १८ पूर्ण झालं की आईवडील आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक स्तर समिती असते, तिच्याकडे अर्ज करून पालकत्व घ्या, त्याला कोर्टात जावं लागत नाही. बँक, वारसा, जमीन सगळ्याला ते लागतं.

मानसिक आजाराला ही समिती नाही. तिथे पेशंट बरा असताना दोन गोष्टी करून ठेवता येतात, साध्या कागदावर नामनिर्देशित प्रतिनिधी नेमणं, आणि आजार उलटला तर कुठले उपचार हवे, कुठले नको ही आगाऊ सूचना. वडील किंवा आई सरकारी नोकरीत असतील तर मानसिक आजार असलेल्या मुलाला, जो स्वतः कमवू शकत नाही, फॅमिली पेन्शन पुढे चालू राहू शकतं, त्याचं नाव ऑफिसात हयातीतच नोंदवून घ्या. नंतर सिद्ध करणं फार अवघड जातं.

निवासी संस्थांचं खरं सांगायचं तर चांगल्या आणि परवडणाऱ्या फार कमी आणि वेटिंग लांब. जाहिरात बघून ठरवू नका. न कळवता जा, जेवायच्या वेळेला जा, संडास बघा, आणि तिथे राहणाऱ्यांशी मॅनेजर बाजूला नसताना बोला. आणि सगळी इस्टेट संस्थेच्या नावे करायला सांगितलं तर वकिलाशिवाय सही करू नका.

दारूचंपण यातच येतं का?

येतं. नशामुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६. पुण्याचं मुक्तांगण १९८६ पासून आहे. साताऱ्याला परिवर्तन. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या मीटिंगला फी नसते आणि पिणाऱ्याच्या घरच्यांसाठी अल-ॲनॉन वेगळं भरतं. रोज खूप पिणाऱ्याची दारू घरात कोंडून एकदम तोडू नका, फिट येते, जीवावर बेततं, डॉक्टरच्या देखरेखीत करा.

सांभाळणाऱ्यांसाठी काही आहे का? मीच आता आजारी पडेन असं वाटतंय.

स्वमदत गट. पुण्यात 'सा', ठाण्यात आयपीएचमध्ये भरतात, जवळ नसेल तर ओपीडीच्या बाहेर बाकावर बसलेल्या दोघीतिघींचे नंबर घ्या, आमचा गट असाच झाला. नाशिक जिल्ह्यात आत्मीयता म्हणून प्रकल्प झाला, गावातल्याच लोकांना शिकवून ते शेजाऱ्यापाजाऱ्यांचं ऐकून घेतात आणि योजनेपर्यंत, दवाखान्यापर्यंत पोचवतात. तुमचीही झोप उडाली असेल तर स्वतःच्या नावाचा केस पेपर काढा, पेशंटच्या केस पेपरवर तुमचं दुखणं सांगून भागत नाही.

आम्ही गोव्यात आहोत / दुसऱ्या राज्यात आहोत.

गोव्यात बांबोळीला मानसोपचार आणि मानवी वर्तन संस्था, तीच मुख्य सरकारी जागा. संगत ही संस्था १९९६ पासून तिथे काम करते. पेन्शनसाठी दयानंद सामाजिक सुरक्षा योजना. यूडीआयडी कार्ड देशभर चालतं पण पेन्शन ज्या त्या राज्याचं. टेलि-मानसवर कुठूनही मराठी मागता येतं.

काम अडवून ठेवलंय, "उद्या या" चालूच आहे. कुणाकडे जायचं?

आधी अर्ज द्या, तोंडी नाही, आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या, तारीख आणि शिक्क्यासकट. पोच देत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवा. दिव्यांगत्वाच्या कामासाठी पुण्यात दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करता येते, डिसेंबर २०२२ पासून राज्यात वेगळा दिव्यांग कल्याण विभागच आहे. मानसिक आजार किंवा दिव्यांगत्व असलेल्या माणसाला कोर्टातला वकील मोफत मिळतो, त्याला उत्पन्नाची अट नाही, तालुका कोर्टातल्या विधी सेवा समितीत जा किंवा १५१०० लावा. बऱ्याचदा तिथून एक पत्र गेलं की टेबलावरची फाईल सरकते. दवाखान्याने कागदांच्या प्रती दिल्या नाहीत तर २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम २५ सांगा, स्वतःच्या नोंदी मागायचा पेशंटला हक्क आहे. झेरॉक्सचे दोन सेट करून ठेवा आणि मूळ कागद कुणाच्याही हातात सोडून येऊ नका, साहेब म्हटले तरी.